धर्म न मानणाऱ्याने घेतलेला धर्मस्वातंत्र्याचा कैवार : ‘ऑन लिबर्टी’चे एक वाचन

प्रास्ताविक

धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कार करणारे सामान्यतः दोन प्रकारचे आढळतात. आपला धर्म आपल्याला निर्वेधपणे पाळता यावा, एवढीच पहिल्या प्रकारच्या लोकांची मागणी असते. दुसऱ्या प्रकारच्या लोकांना सर्व धर्मांचे सार एकच आहे असे वाटते आणि म्हणून ते सर्व धर्मांविषयी सद्भाव बाळगतात. हे दोन्ही पुरस्कर्ते आदरणीय आहेत. परंतु दोघांच्याही पुरस्काराला एक मर्यादा आहे. पहिल्याची सहानुभूती स्वतःच्या धर्माच्या कुंपणापाशी थांबते. दुसऱ्याची सहानुभूती समोरचा धर्म आपल्या कल्पनेतील सारापेक्षा निराळा आहे, हे दिसताच डळमळू लागते. तिसरा प्रकार विरळा आहे. ज्याला कोणताच धर्म पटलेला नाही, ज्याला काही धार्मिक आचार तर उघडउघड अनिष्ट वाटतात, तरीही ते पाळण्याच्या अधिकारासाठी जो उभा राहतो, असा मनुष्य या प्रकारात मोडतो.

जॉन स्टुअर्ट मिल (१८०६–१८७३) हा या तिसऱ्या प्रकारचा ठळक नमुना होय. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथाचा उल्लेख विचारस्वातंत्र्याच्या संदर्भात नेहमीच होतो. मात्र या छोट्या ग्रंथात हिंदुस्थान, येथील हिंदू, मुसलमान आणि पारशी, तसेच कुरआन आणि अकबर यांचे उल्लेख किती ठिकाणी व कोणत्या कामासाठी आले आहेत, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात या उल्लेखांच्या आधारे मिलच्या धर्मस्वातंत्र्यविषयक भूमिकेचे परीक्षण केले आहे. ती भूमिका कोठे भक्कम आहे, कोठे तिला तडा जातो आणि ती स्वीकारणाऱ्या अल्पसंख्य समाजावर ती कोणती जबाबदारी टाकते, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

मिलची पार्श्वभूमी

मिलच्या धर्मविषयक भूमिकेचा उलगडा त्याच्या मृत्यूनंतर १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात होतो. त्याचे वडील जेम्स मिल यांनी त्याला कोणतीही धार्मिक शिकवण न देता वाढविले. आपण धर्मश्रद्धा सोडलेली नसून ती आपल्याजवळ कधी नव्हतीच, असे तो तेथे नमूद करतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये अशी वाढ झालेले लोक अगदी थोडे होते. श्रद्धा सोडून दिलेल्या मनुष्याच्या मनात जुन्या धर्माविषयी पुष्कळदा राग शिल्लक असतो. मिलजवळ तो राग नव्हता. तो सर्व धर्मांकडे जवळजवळ सारख्याच अंतरावरून पाहू शकत होता.

दुसरी गोष्ट त्याच्या नोकरीची. १८२३ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत दाखल झाला आणि १८५८ मध्ये कंपनीचा कारभार राणीच्या सरकारकडे जाईपर्यंत तेथेच राहिला. देशी संस्थानांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचे काम बरीच वर्षे त्याच्याकडे होते. हैदराबाद, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे या नगरांतून आज वावरणाऱ्या वाचकाच्या पूर्वजांच्या राज्यांविषयीचे खलिते ज्या खात्यात तयार होत, त्याच खात्यात हा ग्रंथकार बसलेला होता. हिंदुस्थानात मात्र तो कधी आला नाही. येथील समाजाचे त्याचे ज्ञान कागदपत्रांवरून आलेले होते. त्याचे गुण आणि दोष दोन्ही ग्रंथात उतरले आहेत.

श्रद्धाहीनांच्या बाजूने

ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात मिलने १८५७ सालची तीन उदाहरणे दिली आहेत. कॉर्नवॉलमधील एका गरीब मनुष्याने एका फाटकावर ख्रिस्ती धर्माविषयी अपमानकारक शब्द लिहिले, म्हणून त्याला एकवीस महिन्यांची शिक्षा झाली. पुढे त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला माफी मिळाली. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात दोन इसमांना, आपली कोणत्याही धर्मावर श्रद्धा नाही असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितल्यामुळे, ज्यूरीत बसू दिले गेले नाही. तिसरे उदाहरण एका परदेशी मनुष्याचे. त्याच्याकडे चोरी झाली होती. परंतु ईश्वरावर व परलोकावर आपला विश्वास नाही असे त्याने सांगताच न्यायाधीशाने त्याची फिर्याद दाखल करून घेण्यास नकार दिला.

या नियमाविरुद्ध मिलने केलेला युक्तिवाद अतिशय नेमका आहे. जो परलोक मानत नाही त्याच्या शपथेला किंमत नाही, असे कायदा गृहीत धरतो. हे गृहीत खरे मानले, तर खोटे बोलण्यास तयार असलेला प्रत्येक नास्तिक न्यायालयात सहज शिरतो, कारण तो श्रद्धेचे सोंग आणतो. अडविला जातो तो केवळ लोकनिंदा पत्करून खरे बोलणारा. म्हणजे खोटेपणाला आळा घालण्यासाठी केलेला नियम सत्यवचनी मनुष्यालाच तेवढा बाहेर काढतो. शिवाय या नियमात श्रद्धावंतांचाही अपमान आहे, हे मिल दाखवून देतो. परलोक न मानणारा खोटेच बोलणार असे म्हणायचे, तर परलोक मानणारा केवळ नरकाच्या भीतीमुळे खरे बोलतो, असा त्याचा अर्थ होतो. कोणत्याही धर्माचा सच्चा अनुयायी असा निष्कर्ष मान्य करणार नाही.

येथपर्यंत मिल आपल्यासारख्याच लोकांची बाजू मांडत आहे. त्यात न्याय आहे. पण स्वतःच्या गटासाठी लढणे अवघड नसते. त्याची खरी कसोटी पुढे लागते.

१८५७ नंतरची तळटीप

याच प्रकरणात एक लांबलचक तळटीप आहे. हिंदुस्थानातील वाचकाच्या दृष्टीने संपूर्ण ग्रंथात तिच्याइतका महत्त्वाचा मजकूर दुसरा नसेल. १८५७ च्या उठावाच्या बातम्यांनी इंग्लंड खवळून गेले होते. सुडाची भाषा सर्वत्र चालू होती. अशा वेळी, १२ नोव्हेंबर १८५७ रोजी, सरकारातील एका उपमंत्र्याने आपल्या मतदारांसमोर भाषण केले. मिलने त्याचे नाव दिलेले नाही, तो डब्ल्यू. एन. मॅसी होता, हे पुढील संपादकांनी नोंदविले आहे. त्या भाषणाचा आशय असा : हिंदुस्थानातील प्रजेच्या धर्माला सरकारने जी मोकळीक दिली, तिच्यामुळे ब्रिटिशांच्या वर्चस्वाला आणि ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराला अडथळा झाला, सहिष्णुता हे मोठे तत्त्व खरे, परंतु ते ख्रिस्ती पंथांनी एकमेकांशी कसे वागावे एवढ्यापुरतेच आहे.

त्या सुमारास इंग्लंडमधील एका प्रभावी धार्मिक पक्षाची मागणी याहून पुढे गेलेली होती. हिंदू आणि मुसलमान यांच्यावर राज्य करताना ज्या शाळांत बायबल शिकविले जात नाही त्यांना सरकारी पैसा देऊ नये, असे त्या पक्षाचे म्हणणे होते. मिल यातून निघणारा परिणाम लगेच दाखवितो. शाळेला पैसा बायबलच्या अटीवर मिळणार असेल, तर सरकारी नोकरीही शेवटी खऱ्या किंवा सोंग घेतलेल्या ख्रिस्ती माणसालाच मिळणार. ‘सोंग घेतलेल्या’ हा त्यातील मर्मभेदी भाग आहे. ज्यूरीच्या उदाहरणात जे तत्त्व आले तेच येथे पुन्हा येते : सक्तीने श्रद्धा निर्माण होत नाही, ढोंग निर्माण होते.

मॅसी हा कोणी वाट चुकलेला धर्मवेडा नव्हता. उदारमतवादी मंत्रिमंडळातला तो एक जबाबदार पदाधिकारी होता आणि पुढे १८६५ ते १८६८ या काळात तो कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या मंडळात अर्थखात्याचा सभासद होता. म्हणूनच मिल इशारा देतो की, धार्मिक छळाचे युग कायमचे संपले असा भ्रम कोणी बाळगू नये. समाज शांत असतो तेव्हा सहिष्णुता सर्वांच्याच तोंडी असते. तो संतापलेला असताना ती टिकते की नाही, यावर तिची किंमत ठरते.

या तळटिपेतील मिलची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. ज्यांच्या बाजूने तो लिहीत होता ते हिंदू आणि मुसलमान त्याचे वाचक नव्हते, मतदार नव्हते, मित्रही नव्हते. त्यांच्या धर्मांतील एकही सिद्धान्त त्याला मान्य नव्हता. ज्यांच्याविरुद्ध तो लिहीत होता ते त्याचे देशबांधव होते आणि त्यांच्यात सुडाची लाट होती. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला. त्यात स्वतःच्या ख्रिस्ती श्रद्धेचा उच्चार करून, ती श्रद्धा प्रजेवर लादण्याचा हक्क आणि इच्छा दोन्ही नाकारली होती. श्रद्धावान राणीचे आश्वासन आणि श्रद्धा नसलेल्या लेखकाची तळटीप या दोहोंचा निष्कर्ष एकच आहे. आधार मात्र वेगळे आहेत. राणीचे आश्वासन ही राज्यकर्त्याची कृपा होती. कृपा परत घेता येते. मिल ज्याविषयी बोलत होता ती कृपा नसून तो मनुष्याचा अधिकार होता.

डुकराचे मांस, गोमांस आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य

चौथ्या प्रकरणात मिलने मुसलमानांचे उदाहरण घेतले आहे, आणि मुस्लिम वाचकाला ते प्रथमदर्शनी खटकण्यासारखे आहे. डुकराचे मांस खाणाऱ्यांविषयी मुसलमानांना जी घृणा वाटते तिची चर्चा करून तो विचारतो : ज्या देशात बहुसंख्य लोक मुसलमान आहेत, तेथे त्यांनी देशात कोणीही हे मांस खाऊ नये असा कायदा केला, तर तो योग्य ठरेल काय?

उत्तर ‘नाही’ असे आहे. पण त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. हा धार्मिक छळ आहे, असे मिल म्हणत नाही. कारण कोणत्याही धर्मात डुकराचे मांस खाण्याची आज्ञा नाही. त्यामुळे ते खाण्यास बंदी केल्याने कोणाच्या धर्मपालनात अडथळा येत नाही. तो कायदा गैर ठरतो तो एवढ्याच कारणाने की, मनुष्याच्या खाजगी आवडीनिवडीत आणि स्वतःपुरत्या व्यवहारात ढवळाढवळ करण्याचे समाजाला कारण नाही. येथेच तो मुंबईच्या पारशांची टीप जोडतो. इराणातून पश्चिम हिंदुस्थानात आलेल्या पारशांना हिंदू राजांनी गोमांस न खाण्याच्या अटीवर आश्रय दिला; पुढे मुसलमानांचे राज्य आल्यावर डुकराचे मांस न खाण्याची अट पडली; आणि धर्माची आज्ञा नसताना दोन्ही गोष्टी पारशांच्या अंगवळणी पडल्या, असा त्या टिपेचा सारांश आहे. तिच्या शेवटी, पूर्वेकडील लोकांत रूढीलाच धर्माचे स्थान मिळते, अशा अर्थाचा एक सरधोपट शेराही आहे. रविवारी करमणुकीवर बंदी घालू पाहणारे इंग्रज त्याच प्रकरणात पुढे येतात. त्यांनाही तो शेरा लागू पडतो, हे मिलच्या लक्षात आलेले दिसत नाही.

उदाहरण खटकले तरी त्यातून निघणारा सिद्धान्त मुस्लिम वाचकाच्या उपयोगाचा आहे. भारतातील न्यायालयीन इतिहास ते दाखवितो. १९५८ च्या कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बकरी ईदच्या दिवशी गायीचीच कुर्बानी देणे हे इस्लाममधील अनिवार्य धर्मकृत्य नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे धर्मस्वातंत्र्याच्या मार्गाने मिळणारे संरक्षण तेथेच खुंटले. महाराष्ट्रात २०१५ मध्ये बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि बंदी असलेल्या जनावरांचे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. परंतु राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगण्यास गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. त्यासाठी घेतलेला आधार धर्माचा नव्हता. तो व्यक्तीच्या जीवित व खाजगीपणाच्या अधिकाराचा होता. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी डुकराच्या मांसाच्या निमित्ताने मिलने जो रस्ता आखला होता, त्याच रस्त्याने गोमांसाच्या प्रकरणात काही अंशी दिलासा मिळाला. प्रत्येक मागणी धर्माची म्हणून मांडली की तिचा निकाल, धर्मात ती अनिवार्य आहे काय, या एकाच प्रश्नावर लागतो, आणि तो प्रश्न सोडविण्याचा अधिकार न्यायाधीशाकडे जातो. व्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेतला की धर्मशास्त्राची चौकशीच करावी लागत नाही.

पण हा रस्ता दुहेरी आहे. जो आपल्या ताटातील पदार्थासाठी मिलचा आधार घेतो, त्याला शेजाऱ्याच्या ताटातील पदार्थासाठीही तोच आधार मान्य करावा लागतो. मिलने मुसलमानांचे उदाहरण निवडले, त्याचा खरा उपयोग हा आहे.

मॉर्मन पंथ आणि नापसंतीचा प्रश्न

नापसंती आणि बंदी यांतील फरक मिलने सर्वांत स्पष्टपणे मांडला आहे तो अमेरिकेतील मॉर्मन पंथाविषयी. या पंथात त्या काळी बहुपत्नीत्वाची चाल होती. मिल तिचा कठोर शब्दांत निषेध करतो. समाजाच्या अर्ध्या भागाला ती बंधनात टाकते आणि स्वातंत्र्याच्या तत्त्वाचाच भंग करते, असे त्याचे मत आहे. तथापि छळाला कंटाळून दूरच्या वाळवंटात जाऊन राहिलेल्या त्या लोकांवर सुधारणेच्या नावाने स्वारी करावी, या सूचनेला तो साफ विरोध करतो. त्यांना समजावण्यासाठी प्रचारक पाठवा. पण एका समाजाला दुसऱ्या समाजावर बळाने सुधारणा लादण्याचा अधिकार नाही, अशी त्याची भूमिका आहे. बहुपत्नीत्व मुसलमान, हिंदू व चिनी लोकांत असल्याचे इंग्रज चालवून घेतात. तेच इंग्रजी बोलणाऱ्या आणि स्वतःला ख्रिस्ती म्हणविणाऱ्या लोकांत दिसले की त्यांचा संताप अनावर होतो, हा दुटप्पीपणाही त्याने टिपला आहे.

या मोकळिकीला मिलने एक अट घातली आहे, आणि तिचा उल्लेख पुष्कळदा गाळला जातो. ज्यांना त्या समाजातील चालीरीती पटत नाहीत त्यांना तेथून निघून जाण्याचे पूर्ण स्वातंत्र्य असले पाहिजे. समाजाला बाहेरच्यांपासून मिळणारे संरक्षण हे आतल्या व्यक्तीला कोंडण्यासाठी नाही.

भारतात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्कार व धर्मबहिष्काराला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द केला. धर्मसंस्थेला आपले व्यवहार चालविण्याचे जे स्वातंत्र्य आहे त्यात बहिष्काराचा अधिकार येतो, असे बहुमत पडले. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र भिन्न मत दिले. बहिष्कृत मनुष्याची अवस्था अस्पृश्यासारखी होते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पुढे महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९६२ च्या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविला. मिलच्या ग्रंथाचे पहिलेच प्रकरण सांगते की, समाजाच्या मताची जुलूमशाही कायद्याच्या जुलमापेक्षा अधिक खोल जाते, कारण तिच्यातून सुटण्याच्या वाटा कमी असतात. १९६२ च्या बहुमतापेक्षा सिन्हा यांचे अल्पमत मिलच्या या विचाराला अधिक जवळचे आहे.

मिलच्या विवेचनातील तडे

मिलची भूमिका निर्दोष नाही. तिच्यातील तीन उणिवा येथे नोंदवणे आवश्यक आहे.

पहिली उणीव गंभीर आहे. पहिल्याच प्रकरणात मिल सांगून टाकतो की, स्वातंत्र्याचे हे तत्त्व अप्रगत समाजांना लागू नाही. त्यांची सुधारणा हा हेतू असेल तर त्यांच्यावर एकतंत्री राज्य करणे योग्य आहे. कंपनीच्या कचेरीत पस्तीस वर्षे काम केलेल्या मनुष्याच्या तोंडी हे विधान सोयीचे होते, हे सांगावयास नको. परंतु दुसऱ्या प्रकरणातील तळटीप या विधानाशी जुळत नाही. हिंदुस्थान अप्रगत आणि म्हणून स्वातंत्र्याच्या कक्षेबाहेरचा, असे मानले, तर मॅसीला दोष देण्याचे कारण उरत नाही. तोही ‘सुधारणे’साठीच सक्ती मागत होता. मिल त्याला दोष देतो, याचा अर्थ, धर्माच्या बाबतीत तरी तो हिंदुस्थानी मनुष्याला पूर्ण अधिकाराचा धनी मानतो. एकाच ग्रंथात हिंदुस्थानी माणूस राजकीय दृष्ट्या अज्ञान बालक आणि धार्मिक दृष्ट्या सज्ञान ठरला आहे. मिलने ही विसंगती सोडविली नाही. मिलच्या देशाने ज्यांना स्वातंत्र्याला अपात्र ठरविले होते, त्यांनी पुढे आपली राज्यघटना लिहून ती सोडविली.

दुसरी उणीव अकबराच्या उल्लेखात आहे. अप्रगत लोकांच्या दृष्टीने अकबर किंवा शार्लमेन यांच्यासारखा राजा मिळणे हे भाग्यच, असे मिल म्हणतो. अर्थात हे भाग्य आज्ञापालनाचे आहे. पण अकबराने १५६४ मध्ये जिझिया रद्द केला, निरनिराळ्या धर्मांच्या पंडितांना चर्चेस बोलाविले आणि सुलह-ए-कुल म्हणजे सर्वांशी सलोखा हे राज्याचे धोरण ठरविले, हे मिलच्या विवेचनात कोठेच येत नाही. त्याच सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात धर्मयुद्धे चालू होती. मिलला ज्या मूल्याचा शोध होता, त्याची एक जुनी परंपरा अकबराच्या नावातच दडलेली होती. त्याने ते नाव घेतले आणि ते हुकूमशहाच्या यादीत घातले.

तिसरी उणीव कुरआनसंबंधी आहे. ख्रिस्ती नीतिशास्त्र सार्वजनिक कर्तव्याविषयी अपुरे आहे, हे दाखविण्यासाठी मिल एक वचन कुरआनच्या नावावर देतो. अधिक लायक मनुष्य राज्यात असताना त्याला डावलून दुसऱ्याला पदावर नेमणारा राज्यकर्ता ईश्वराचा व राज्याचा अपराधी ठरतो, असा त्याचा आशय आहे. हे वचन पवित्र कुरआनात नाही. या आशयाचे वचन हनफी फिक्हमधील ‘हिदाया’ या ग्रंथात काझीच्या नेमणुकीच्या चर्चेत येते. कंपनीच्या राजवटीतच, १७९१ मध्ये, चार्ल्स हॅमिल्टनने त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला होता. विश्वासाने सोपविलेली वस्तू तिच्या हक्कदाराकडे पोचवावी, ही सूरह अन्-निसाच्या ५८ व्या आयतीतील शिकवण या आशयाच्या जवळ जाते. पण मिलने दिलेले शब्द तेथे नाहीत. परिणामी, मुस्लिम परंपरेची स्तुती करतानाही मिलने ती परंपरा जवळून पाहिली नव्हती. मात्र यातून दुसरीही गोष्ट दिसते. परधर्माच्या ग्रंथातील चांगले वचन, मग ते चुकीच्या ठिकाणाहून का होईना, तो आपल्याच समाजाला आरसा दाखविण्यासाठी वापरतो. श्रद्धा नसलेल्या मनुष्याकडून असा न्याय मिळणे सर्वसामान्य नाही.

ब्रॅडलॉ आणि मुंबई

मिलचे तत्त्व त्याच्या पदराला झळ लावून गेले, याचा पुरावा १८६८ सालचा आहे. चार्ल्स ब्रॅडलॉ हा इंग्लंडमधील प्रसिद्ध नास्तिक नॉर्दम्प्टनमधून निवडणुकीस उभा राहिला, तेव्हा मिलने त्याला वर्गणी दिली. त्याच निवडणुकीत वेस्टमिन्स्टरमध्ये मिल स्वतः पराभूत झाला. या वर्गणीवरून झालेला गवगवा हे त्या पराभवाचे एक कारण मानले जाते. पुढे १८८० मध्ये ब्रॅडलॉ निवडून आला. परंतु ईश्वराच्या नावाने शपथेचा प्रश्न उपस्थित करून पार्लमेंटने त्याला सहा वर्षे आसनावर बसू दिले नाही. मतदार त्याला पुनःपुन्हा निवडून देत राहिले. १८८३ मध्ये प्रतिज्ञेचा पर्याय देणारे विधेयक आले तेव्हा त्याचे प्रभावी समर्थन केले ते पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी, आणि ते तर कट्टर धर्मनिष्ठ ख्रिस्ती होते. विधेयक तीन मतांनी पडले. १८८८ चा शपथविषयक कायदा मात्र ब्रॅडलॉने स्वतः पार्लमेंटात नेटाने पार पाडला, आणि त्या कायद्याने श्रद्धा नसलेल्यांना तसेच ज्यांचा धर्मच शपथ घेण्याची मनाई करतो अशा श्रद्धावंतांना, दोघांनाही प्रतिज्ञेची सोय मिळाली.

हाच ब्रॅडलॉ डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईस काँग्रेसच्या अधिवेशनाला आला होता. हिंदुस्थानच्या बाजूने पार्लमेंटात बोलणारा म्हणून हिंदू, मुसलमान, पारशी अशा सर्व धर्मांच्या प्रतिनिधींसमोर तो उभा राहिला. मिलने श्रद्धावंतांची बाजू घेतली आणि ग्लॅडस्टनने नास्तिकाची. हे दोन्ही प्रसंग एकत्र पाहिल्यावरच धर्मस्वातंत्र्य हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालावा लागतो, हे स्पष्ट होते.

मराठीत मिलची ओळख प्रामुख्याने गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांच्या मार्फत झाली. स्वसमाजातील रूढींवर प्रहार करण्यासाठी आगरकरांनी मिल व स्पेन्सर यांच्या विचारांचे शस्त्र केले आणि त्यासाठी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली. त्यांचे कार्य मोठे आहे. परंतु त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात मिल हा धर्माचा टीकाकार म्हणून ठसला. परधर्मीयांच्या अधिकाराचा वकील म्हणून त्याची ओळख मागे पडली. या ग्रंथाच्या पुनर्वाचनाची गरज त्यामुळेच आहे.

समारोप

भारतीय संविधानाच्या २५ व्या कलमात आधी सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि नंतर धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य येते. हा क्रम अर्थपूर्ण आहे. विवेकाचे स्वातंत्र्य मानणाऱ्यालाही आहे आणि न मानणाऱ्यालाही. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा अधिकार नागरिकाला आहे आणि धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकारला करता येत नाही, असा निर्णय दिला, तो याच कलमाच्या आधारे.

शैक्षणिक संस्थांच्या दृष्टीने ३० वे आणि २८ वे ही दोन कलमे जोडीने वाचली पाहिजेत. ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला. १८५७ मध्ये बायबलच्या अटीवर शाळांना पैसा देण्याची जी मागणी झाली होती, तिला दिलेले हे उत्तर आहे, असे म्हणता येईल. परंतु २८ व्या कलमाचा तिसरा खंड सांगतो की, सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणत्याही विद्यार्थ्यावर, त्याच्या किंवा तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणास अथवा उपासनेस हजर राहण्याची सक्ती करता येणार नाही. मॅसीच्या काळी जे संरक्षण हिंदू व मुसलमान मुलांना ख्रिस्ती सत्तेपासून हवे होते, तेच आज अल्पसंख्य संस्थेच्या वर्गात बसलेल्या दुसऱ्या धर्माच्या मुलाला, आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या घरातील मुलालाही, मिळालेले आहे. सूरह अल्-बकराच्या २५६ व्या आयतीत धर्माच्या बाबतीत सक्तीला जो नकार आहे, त्याच्याशी हे कलम विसंगत नाही.

मिलने इस्लामला चांगले म्हटले म्हणून त्याचा ग्रंथ मुस्लिम वाचकाने जवळ करावा, असे नाही. त्याने तसे फारसे म्हटलेलेही नाही, आणि जेथे म्हटले तेथे वचनाचे मूळ चुकले. त्याचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. एखाद्या धर्माच्या बाजूने उभे राहण्यासाठी तो पटलेला असणे आवश्यक नाही, हे त्याने दाखविले. जो समाज अशा कैवाराचा लाभ घेतो, त्याच्याकडून आपल्याच घरातील वेगळे मत बाळगणाऱ्याविषयी आणि श्रद्धा सोडून गेलेल्याविषयी हीच अपेक्षा राहील. ती पूर्ण झाली नाही, तर मिलचा ग्रंथ त्या समाजाने केवळ स्वतःच्या सोयीपुरता वाचला, असे म्हणावे लागेल.